फिल्टर नवा, पण तेल भलत्याच वाटेनं: जुन्या इंजिनात या चुका टाळा

उसाचा सीझन सुरू झाला की सांगलीतल्या आमच्या गॅरेजपुढं जुने ट्रॅक्टर आणि जीपगाड्या यायला लागतात. तक्रार ठरलेली असते, इंजिन खालून ठोकतंय. ऑईल फिल्टर कधी बदलला असं विचारलं की उत्तर येतं, "मिस्त्री, मागच्याच महिन्यात बदललाय की!" माणूस खोटं बोलत नसतो. उघडून बघावं तर फिल्टर खरोखर नवा असतो, तेल मात्र त्यातून गेलेलंच नसतं.

पाण्यासारखंच तेलही सोपी वाट धरतं. फिल्टरमधल्या कागदाच्या घड्यांतून झिरपायला जोर लागतो. बाजूला जराशी फट मिळाली की तेल तिकडून निसटतं आणि सगळा कचरा घेऊन थेट बेरिंगवर पोचतं. जुन्या गाड्यांत ही फट बहुतेक वेळा आपणच ठेवतो.

डब्यातली स्प्रिंग आणि चकती

जुन्या जीप-ट्रॅक्टरना लोखंडी डबा असतो. त्यात कागदी एलिमेंट, म्हणजे तेल गाळणारा भाग, आणि मधून एक लांब बोल्ट. एलिमेंटच्या खाली स्प्रिंग, स्प्रिंगवर पत्र्याची चकती आणि रबर. ही स्प्रिंग एलिमेंटला वर दाबून धरते, म्हणून तेलाला कागदातूनच जावं लागतं. बदलताना होतं असं, की काळ्या चिकट तेलामुळं चकती जुन्या एलिमेंटच्या बुडाला चिकटून बसते आणि त्याच्यासकट भंगारात जाते. नवा एलिमेंट डब्यात बसतो, बोल्ट आवळला जातो, गळतही काही नाही. आत मात्र तो सैल असतो.

ही चूक माझ्या हातून झालेली आहे. तासगावकडच्या एका बागायतदाराची जीप होती. मी चकतीशिवाय फिल्टर बसवला. प्रेशरचा काटा छान वर होता, कारण तेलाला मोकळी वाटच मिळालेली. काही महिन्यांत क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याला, चरे पडले. डबा उघडला तर एलिमेंटच्या घड्यांत गाळ असा नव्हताच, आणि इंजिनखालचा तेलाचा चेंबर काढला तर तळाला बोटभर चिखल. त्या माणसाचा द्राक्षाचा हंगाम तोंडावर होता, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून मी स्प्रिंग, चकती, रबर असं क्रमानं फडक्यावर मांडतो आणि मगच नवा एलिमेंट हातात घेतो. बरेच तास चाललेला जुना एलिमेंट स्वच्छ निघाला तर ती चांगली खूण समजू नका.

डब्याच्या तोंडाची रबरी रिंगही दरवेळी बदला. जुनी रिंग खाचेत इतकी घट्ट बसलेली असते, की ती खाचेचाच भाग वाटते. टोचणीनं उकरून काढा. जुनीवर नवी बसली की तेल दाबानं बाहेर उडतं. मारुती 800 सारख्या गाड्यांच्या, आख्ख्या फिरवून बसवायच्या फिल्टरलाही हेच लागू आहे. रिंगला बोटानं तेल लावा, ती टेकल्यावर हातानं साधारण पाऊण फेरा द्या. पाना लावून आवळू नका.

फिल्टर डिझेलमध्ये धुऊन परत बसवायची चूक अजूनही होते. तो कागद साधारण 20 ते 40 मायक्रॉनचे कण धरायला बनवलेला असतो, आणि आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड. धुतलं की वरचा गाळ सुटतो, घड्यांत रुतलेला तसाच राहतो आणि कागद फाटतो. फिल्टर तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो, म्हणजे इंजिन कोरडं पडू नये म्हणून न गाळलेलं तेल पुढं सोडलं जातं. डॅशबोर्डवरचा दिवा तेव्हा लागत नाही, कारण त्याला फक्त दाब कळतो, घाण कळत नाही.

किलोमीटर बघू नका

दोन ट्रॉल्या ओढत आलेला ट्रॅक्टर कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीपुढं नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभा राहतो. त्यात अंतर शून्य, पण तेलात काजळी साठत राहते. फिल्टर बदलायचा हिशेब तासांचा ठेवा. पुष्कळ ट्रॅक्टरना 250 तास सांगितलेले असतात, तुमच्या पुस्तिकेत काय आहे ते बघा. धुळीत काम असेल तर त्याआधीच बदला. डिझेल इंजिनचं तेल मात्र चार दिवसांत काळं झालं म्हणून फिल्टरला दोष देऊ नका. काजळीचे कण इतके बारीक असतात, की ते साध्या कागदात अडकत नाहीत.

वर्षानुवर्षं न उघडलेलं इंजिन रॉकेल किंवा डिझेल घालून "धुवायचं" तर माझा साफ विरोध आहे. सुटलेला चिखल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि तेल वर चढतच नाही. त्यापेक्षा चेंबर खोला, जाळी हातानं साफ करा.

स्प्लेंडरला फिल्टर नाही, असं बरेच जण ठामपणे सांगतात. कागदी नाही, हे खरं. क्लचच्या कव्हरखाली फिरता फिल्टर असतो. त्याच्या वेगानं कचरा कडेला फेकला जातो आणि झाकणाच्या आत खरवडून काढावा लागेल असा काळा थर जमतो. तो कुणी काढतच नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं वेगळं आहे. तिथं फिल्टर बदलल्यावर त्याची खोली आधी तेलानं भरा. कोरडी ठेवलीत तर ती भरेपर्यंत कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगला तेल मिळत नाही.

डिझेल गाडीला फिल्टर बदलल्यावर इंजिन बंद करायची स्टॉपची दोरी ओढून धरा आणि थोडं थोडं थांबत सेल्फ मारा. प्रेशरचा काटा हलला की मगच दोरी सोडा. इंजिन दोन मिनिटं चालवा, खाली वाकून गळती बघा, बंद करा आणि थोड्या वेळानं तेल मोजायची पट्टी पुन्हा तपासा. डब्यात गेलेल्या तेलाइतकी पातळी उतरलेली असते.

काढलेला एलिमेंट फेकण्याआधी एक घडी ब्लेडनं कापून उन्हात पसरा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटला तर तो लोखंडाचा कीस. न चिकटणारी तांबूस किंवा रुपेरी चमक दिसली तर ती बेरिंगची असू शकते. मग गाडी उसाला न लावता आधी चेंबर काढायला आणा.