इलेक्ट्रिक कारची बॅटरी बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

माझ्याकडे गाडी तपासायला आणणारे बहुतेक जण निर्णय घेऊनच येतात. "बॅटरी गेलीय, नवीन टाकायचीच आहे, तुम्ही फक्त एकदा बघून घ्या." मी बघतो, आणि बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत निघते. गाडीतला सगळ्यात महागडा भाग बदलायचा निर्णय लोक इतक्या घाईने घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लिथियम-आयन बॅटरी एका रात्रीत मरत नाही, ती झिजते. पहिल्या एक-दोन वर्षांत क्षमता जरा जास्त घटते, मग घट मंदावते आणि पुढे बरीच वर्षं संथ चालते. गाड्यांचा डेटा गोळा करणाऱ्या जिओटॅब या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदींवरून २०२४ साली काढलेली सरासरी घट वर्षाला १.८ टक्के होती. म्हणजे दहा वर्षांनीही ८० टक्क्यांच्या वर क्षमता शिल्लक. बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत क्षमता ७० टक्क्यांखाली जाणार नाही अशी वॉरंटी देतात. बऱ्याच गाड्यांची बॅटरी गाडीपेक्षा जास्त टिकेल, असं माझं ठाम मत आहे.

पडद्यावरची रेंज बघून बॅटरीला दोष देणं

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो. पडद्यावर दिसणारी रेंज हा अंदाज असतो, आणि गाडी तो तुमच्या अलीकडच्या चालवण्यावरून बांधते. थंडी पडली, हीटर लागला, टायरमधली हवा उतरली किंवा हायवेवर जोरात चालवली की आकडा खाली येतो. त्यात बॅटरीचा काही दोष नसतो.

एक गृहस्थ चार वर्षांची गाडी घेऊन आले होते. पूर्वी ३०० किलोमीटर दाखवायची, आता जेमतेम २२० दाखवते. नव्या पॅकचं, म्हणजे गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचं, कोटेशन खिशात होतं, ॲडव्हान्स द्यायचा तेवढा बाकी होता. मी विचारलं, मधल्या काळात काय बदललं? हळूहळू एकेक बाहेर आलं. नोकरी बदलली होती, रोजचा रस्ता शहरातून हायवेवर गेला होता. टायर नवे, रुंद आणि वेगळ्या जातीचे. त्यात ऐन थंडी. आम्ही गाडी पूर्ण चार्ज केली आणि १० टक्क्यांपर्यंत चालवून मोजलं. क्षमता ९२ टक्के भरली. चार वर्षांच्या गाडीला यापेक्षा चांगलं काय हवं? त्यांचा माझ्यावर विश्वास बसेना, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

मोजायची माझी पद्धत साधी आहे. १०० टक्क्यांवरून एका दमात १० टक्क्यांपर्यंत चालवायचं, गाडीच्या ट्रिप मीटरवर किती युनिट वीज खर्च झाली ते पाहायचं आणि त्या आकड्याला ०.९ ने भागायचं. ३३ युनिट खर्च झाली तर पूर्ण क्षमता साधारण ३६.७ युनिट. नव्या गाडीत वापरता येणारी क्षमता ४० युनिट असेल, तर तुमची बॅटरी ९२ टक्के आहे. चार्जरच्या मीटरवरचा आकडा मात्र इथे धरू नका. चार्जिंगमध्ये काही वीज उष्णता होऊन वाया जाते, त्यामुळे बॅटरी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. ज्यांना हे दोन-तीन तास काढायचा कंटाळा येतो, ते नव्या पॅकचे पैसे कशाच्या भरवशावर मोजतात, हे मला कळत नाही.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर मोजण्याआधी एकदा पूर्ण चार्ज करा. या रसायनात व्होल्टेज बराच काळ जवळपास सारखंच राहतं, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा बीएमएसचा, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा, हिशेब चुकत जातो. १०० टक्क्यांपर्यंत नेलं की तो सुधारतो. मॅन्युअलमध्ये आठवड्यातून एकदा फुल करा असं लिहिलेलं असतं, ते याचसाठी.

गाडी चालू होत नाही म्हणजे मोठी बॅटरी मेली

इलेक्ट्रिक गाडीत १२ व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. मोठ्या पॅकला गाडीशी जोडणारे काँटॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, तिच्याच विजेवर जोडले जातात. ती बसली की पॅक भरलेला असूनही गाडी ढिम्म हलत नाही आणि पडद्यावर भलभलते इशारे येतात. या अवस्थेतल्या एका गाडीला एका वर्कशॉपने थेट नवा पॅक सुचवला होता. छोटी बॅटरी बदलली आणि गाडी चालू झाली. लेड-ॲसिडची छोटी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकतेच. आधी तिचं व्होल्टेज बघा, बाकी सगळं नंतर.

एका सेलसाठी अख्खा पॅक

सुरुवातीच्या निस्सान लीफच्या पॅकमध्ये १९२ सेल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, होते, ४८ मॉड्यूलमध्ये (सेलच्या गटांमध्ये) बसवलेले. त्यातला एक सेल जरी कमजोर झाला तरी त्याचं व्होल्टेज सगळ्यात आधी पडतं आणि बीएमएस पूर्ण पॅकची वीज तोडतो. गाडी २० टक्क्यांवरून अचानक शून्यावर येत असेल तर माझा पहिला संशय यावर असतो. प्रत्येक सेलचं व्होल्टेज वाचून घ्या. दोषी मॉड्यूल बदलता येत असेल तर तेवढंच बदला, पण जुन्या पॅकच्या तोडीचं. कोरं मॉड्यूल झिजलेल्या मॉड्यूलशी जुळत नाही. आणि हे काम घरी करू नका. पॅकमध्ये साधारण ४०० व्होल्ट असतात, नव्या काही गाड्यांत ८००.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

गाडी १०० टक्के भरून कडक उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवणं. उष्णता आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की सेल सर्वात लवकर झिजतो. सुरुवातीच्या लीफमध्ये पॅक गार करायला द्रव किंवा पंखा नव्हता, ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात त्यांची क्षमता भराभर घटली आणि २०१३ साली निस्सानला क्षमतेची वॉरंटी द्यावी लागली. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी मी रोजच्या वापरात ८० टक्क्यांवर थांबवतो.

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर निम्मी भरून ठेवा.

गोठलेली बॅटरी गरम न करता फास्ट चार्जला लावू नका.

जुनी गाडी घेताना फक्त डॅशबोर्डवरच्या बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या पट्ट्या बघणंही चूकच. काही गाड्यांत बीएमएस रीसेट केला की पट्ट्या काही दिवस भरलेल्या दिसतात.

रिकॉल, म्हणजे दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या आहेत का, हे न तपासता पैसे भरू नका. शेव्हरोले बोल्टच्या सेलमध्ये आगीचा धोका निघाला तेव्हा कितीतरी मालकांना नव्या बॅटऱ्या फुकट मिळाल्या.

मग बदलायची कधी?

मोजलेली क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली आणि हिवाळ्यातही रोजची फेरी एका चार्जमध्ये होत नसेल, तर विचार करा. दोन्ही गोष्टी हव्यात. ६५ टक्क्यांची बॅटरी तुमच्या रोजच्या ३० किलोमीटरला पुरत असेल तर तिला हात लावायचं कारण नाही. पॅकमध्ये पाणी शिरलं असेल किंवा इन्सुलेशनचा दोष दाखवत असेल, तर मात्र थांबू नका.

बदलायचं ठरलंच तर नव्या पॅकची वॉरंटी लेखी घ्या आणि तो कोरा आहे की दुरुस्त केलेला, ते बिलावर लिहून घ्या. जुना पॅक फुकट सोडू नका. गाडीला कमी पडलेला पॅकही सौरऊर्जा साठवायला अजून बरीच वर्षं चालू शकतो, त्यामुळे त्याची किंमत कोटेशनमधून आधीच वजा करून घ्या.