नुसत्या आकड्यावर डिमेन्शिया ठरवू नका: स्मृतीच्या चाचण्या घेताना या चुका टाळा

लातुरात स्मृतीच्या चाचण्या घेता घेता मला सोळा वर्षं झाली. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी फाइल घेऊन येतं. फाइलमध्ये एकच कागद असतो आणि त्यावर लाल शाईत लिहिलेलं असतं, १५/३०. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, पेशंट किती शिकलेला, चष्मा डोळ्यावर होता का, यातलं काहीच नसतं. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी लवकर व्हायला हवी, याबद्दल वाद नाही. मला त्रास होतो तो दहा मिनिटांत उरकलेल्या तपासणीचा.

शाळा न पाहिलेल्या माणसाला शाळेचा पेपर

निलंगा तालुक्यातली एक आजी, पंच्याहत्तरीच्या आसपासची. शाळेत एक दिवसही गेलेली नाही. एका दवाखान्यात तिची एमएमएसई, म्हणजे स्मृती आणि आकलन तपासणारी छोटी चाचणी घेतली, १४ गुण पडले आणि त्याच दिवशी डोनेपेझिल ही डिमेन्शियावरची गोळी सुरू झाली. तीन आठवड्यांत मळमळ सुरू झाली, जेवण तुटलं, तेव्हा मुलगा तिला माझ्याकडे घेऊन आला.

मी तारीख विचारली. दोनदा विचारावी लागली, दुसऱ्यांदा जवळ जाऊन. आजी म्हणाली, "तारीख मला काय ठाव लेकरा? आज संकष्टी हाय, उपास हाय माझा." खरंच संकष्टी होती. मग मी येळवशीचं, म्हणजे वेळा अमावस्येचं काढलं. शेतात कोण कोण जेवायला आलं होतं, भज्जी कुणी केली, आंबील कुणाच्या हातून सांडली, सगळं तिनं सांगितलं. बाहेर बसलेल्या सुनेला वेगळं विचारलं, तर शब्द न् शब्द जुळला.

आता हिशोब बघा. एमएमएसई १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. एकूण गुण ३०, आणि २४ च्या खाली गेलं की शंका घ्यायची, असा प्रघात. त्यातल्या शंभरातून सात-सात वजा करण्याला ५ गुण, लिहिलेलं वाचून तसं करण्याला १, वाक्य लिहिण्याला १, पंचकोन उतरवण्याला १. म्हणजे ८ गुण सरळ शाळेचे. तारीख, वार, महिना, वर्ष, ऋतू यांचे आणखी ५, आणि तेही इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे. तिथीवर जगणाऱ्या, पेन्सिल कधी न धरलेल्या बाईचे १३ गुण खुर्चीत बसण्याआधीच धोक्यात असतात. मोका नावाच्या अशाच दुसऱ्या चाचणीत बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. अजिबात न शिकलेल्या माणसाचं त्या एका गुणानं काय भरून निघणार?

यावर उपाय पूर्वीच झालेले आहेत. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी एचएमएसई, म्हणजे एमएमएसईचं हिंदी रूप तयार झालं, १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात वाचण्या-लिहिण्याची अट नाही. कमी शिकलेल्यांसाठी मोकाचं 'बेसिक' रूपही आहे. ही साधनं शिकायला थोडा वेळ द्यावा लागतो, आणि या कामात नव्यानं आलेली मुलं तोच द्यायला तयार नसतात. पाठ झालेली एकच चाचणी सगळ्यांना लावतात.

आजीच्या दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता आणि रक्तात बी-१२ फार कमी होतं. डॉक्टरांनी गोळी थांबवली, कान साफ केले, इंजेक्शनं दिली. तीन महिन्यांनी मी पुन्हा पाहिलं तेव्हा तिला डिमेन्शिया म्हणावं असं काही सापडलं नाही. मधल्या काळात मात्र घरच्यांनी तिच्याकडून तिजोरीची किल्ली काढून घेतली होती. ती परत मिळवायला तिला भांडावं लागलं.

माझी सवय सांगतो. पहिला अर्धा तास कागद बाहेर काढायचा नाही. गाव, पेरणी, काल रात्रीचं जेवण, शेवटचं लग्न कुणाचं झालं, एवढंच बोलायचं. मग कागद काढला की सगळ्यात वर, गुणांच्याही आधी, शिक्षणाची वर्षं लिहायची.

२८ गुण पाहून घरी पाठवणं

ही चूक उलट्या बाजूची, आणि मला जास्त घातक वाटते. एक निवृत्त मुख्याध्यापक. एमएमएसईत २८. पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, "बाबा एकदम ठणठणीत आहेत, रोज पेपर वाचतात." त्यांना "वयाप्रमाणे आहे" सांगून परत पाठवलं गेलं. वर्षभरानं त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन माझ्याकडे आल्या. दूधवाल्याला एकाच महिन्यात दोनदा पैसे दिले होते, आणि वीस वर्षं सांभाळलेला भिशीचा हिशोब ते गुपचूप मुलीकडून करून घेत होते.

मी जुना कागद मागवला. गेलेले दोन्ही गुण एकाच जागी गेले होते: थोड्या वेळापूर्वी सांगितलेल्या तीन शब्दांपैकी दोन आठवले नव्हते. बेरीज बघणाऱ्याला २८ दिसले, कुठले दोन गेले ते कुणी पाहिलं नाही. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची आणि अर्ध्या तासानं विचारायची, ही चाचणी मी घेतली. त्यांना दोन शब्द आठवले. पर्याय दिले तरी ओळखू येईनात. भरपूर शिकलेल्या माणसाकडे मेंदूच्या क्षमतेचा साठा मोठा असतो, सोप्या चाचणीत तो बराच काळ निभावून नेतो. अशा माणसाची तुलना त्याच्याच कालच्या कामाशी करायची, आणि शंका असेल तर मोठी चाचणी घ्यायचीच.

आणि माहिती विचारायची ती एका घरात राहणाऱ्याला. दिवाळीला चार दिवस येणाऱ्या मुलाला वडिलांनी गॅस चालू ठेवल्याचं माहीत नसतं, सुनेला असतं. पण ती सगळ्यांसमोर बोलणार नाही. तिला वेगळं बसवून विचारायचं: पैसे, औषधं, वाट, स्वयंपाक, यात गेल्या वर्षभरात काय बदललं?

बाकीच्या थोडक्यात

"सांगा ना बाबा, आपला जिल्हा कोणता?" असं म्हणत नातू अर्धं उत्तर देऊन टाकतो. नातेवाइकांना बाहेर बसवा.

तांड्यावरच्या माणसाशी गोरमाटीत (बंजारा बोलीत) बोलणारं कुणी आणा, पण ते घरातलं नको. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले एक आजोबा माझ्याकडे आले होते. त्यांनी वाक्य उर्दूत लिहिलं, मी पूर्ण गुण दिले.

छापील मराठी प्रत असताना इंग्रजी वाचून तोंडी भाषांतर करू नका. दर वेळी शब्द बदलतात आणि तुलना करता येत नाही.

लाउडस्पीकर चालू असलेल्या शिबिरात स्मृतीची चाचणी घेऊ नका. मी अशा शिबिरांना नाही म्हणतो.

दवाखान्यातून नुकत्याच सुटलेल्या, तापात किंवा गुंगीत असलेल्या माणसाची चाचणी पुढे ढकला. मन उदास असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील, थायरॉइड तपासलेलं नसेल, तर आधी ते बघा. डिप्रेशनमधला माणूस वारंवार "माहीत नाही" म्हणतो. तिथं मी घाई करत नाही, गप्प बसून थांबतो. पुष्कळदा उत्तर येतं.

पंधरा दिवसांत तीच चाचणी पुन्हा घेऊन "सुधारणा" जाहीर करू नका, शब्द पाठ झालेले असतात. मी सहा महिन्यांनी, शब्दांची दुसरी यादी घेऊन, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी बोलावतो. जुना भरलेला कागद घडी न घालता फाइलला लावून ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाला कुठला गुण कुठं गेला ते दिसतं.