खेळाडू समलैंगिक असल्याचं तुम्हाला सांगतो तेव्हा: प्रशिक्षकांसाठी

असं बोलणं सहसा ठरवून होत नाही. सरावानंतर जाळी गुंडाळताना किंवा घोट्याला पट्टी बांधून घेताना विषय निघतो. हातातलं काम बाजूला ठेवा आणि त्याला पुरतं बोलू द्या. "नक्की का?", "वय आहे, जाईल हे" आणि "मला वाटलंच होतं" ही तीन वाक्यं गिळा. तिसरं आपण मायेने बोलतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की इतकी वर्षं लपवलेलं सगळ्यांना दिसतच होतं, आणि तो आणखी आखडतो. "सांगितलंस ते बरं केलंस. संघातली जागा खेळावरच ठरेल," एवढं पुरे. मग दोनच प्रश्न विचारा: हे आणखी कोणाला माहीत आहे? आणि माझ्याकडून काही हवंय, की नुसतं ऐकायचं होतं?

पहिल्या उत्तरातली नावं लक्षात ठेवा. त्यांच्यापलीकडे, त्याला विचारल्याशिवाय, कोणालाही सांगायचं नाही. कर्णधाराला नाही, फिजिओला नाही, आईवडिलांनाही नाही. घोळ इथेच होतो, आणि तोही भल्या हेतूने: सहायकाला "जरा सांभाळून घे" म्हटलं की आठवड्यात संघभर होतं. प्रवासातला खोलीतला जोडीदारही परस्पर बदलू नका. जिवाला धोका दिसला तर मदत आणावीच लागते, पण तेव्हाही धोका सांगा. लैंगिकता सांगायची गरज बहुधा नसते.

ताण येतो तो लपवण्यातून, नाकारलं जाण्याच्या भीतीतून आणि टोमण्यांतून. इलान मायर यांनी २००३ मध्ये मांडलेला 'अल्पसंख्याक ताणा'चा सिद्धान्त हेच सांगतो. मराठीत तर क्रियापदही लिंग सांगतं. "काल कोणाबरोबर होतास?" याचं उत्तर देताना 'आला' की 'आली' हे प्रत्येक वाक्यात सांभाळावं लागतं, आणि त्यात जाणारं लक्ष खेळातून वजा होतं. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ती १९९० मध्येच आजारांच्या वर्गीकरणातून वगळली. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्याकडे कोणालाही पाठवू नका.

मानसिक आरोग्याची चाळणी लावायची तर सगळ्या संघाला लावा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या त्यासाठीच्या साधनात पहिली पायरी दहा प्रश्नांची आहे. बेरीज १७ किंवा जास्त आली की पुढच्या प्रश्नावल्या भरून घेतात. त्यातली नैराश्याची पीएचक्यू-९ मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण म्हणजे तज्ज्ञाची भेट. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच दिवशी तज्ज्ञाने बोलायला हवं, एकूण गुण कितीही कमी असोत. कागद डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाकडेच राहू द्या. निवड करणारा वाचणार हे कळलं की सगळे शून्य भरतात.

ड्रेसिंग रूममधली 'बायल्या'सारखी शिवी ऐकलीत तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता: "हा शब्द इथे नाही. चला, पुढचा ड्रिल." भाषण नको, आणि 'त्या' खेळाडूकडे बघणं तर नकोच. हा नियम हंगामाच्या पहिल्या दिवशी सांगितलेला बरा. तुमच्याशी कोणी बोलल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही अचानक कडक झालात तर पोरं दोन आणि दोन चार करतात. आधी सांगितला नसेल, तर थोडे दिवस जाऊ द्या आणि रंग, जात, शरीर यांवरचे टोमणेही त्यात घ्या. तोवर शिवी आली तर नेहमीसारखं सरावावर लक्ष द्यायला सांगून थांबवा.

दुखापतीचा काळ मात्र जपा. घरी मोकळं बोलता येत नाही अशांसाठी मैदान हीच एक जागा असते, आणि सहा आठवडे प्लास्टर म्हणजे तीही गेली. बैठकीला बोलवा, सामन्याची नोंद ठेवायला द्या. आठवड्याने एकदा, एकट्यात, "कसं चाललंय?" विचारा. उत्तर "ठीक" आलं तर ओढून काढू नका, फूटवर्कबद्दल बोला.