पॉलिसायथेमिया व्हेरा: पीसीव्ही 45 च्या खाली ठेवताना

रिपोर्ट हातात आला की घरात सगळे आधी हिमोग्लोबिन बघतात. या आजारात आधी पीसीव्ही बघा, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत ते. काही लॅब एचसीटी लिहितात. तो 45 च्या खाली हवा. पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणजे तांबड्या पेशी जास्त बनवणारा रक्ताचा कॅन्सर. तो सावकाश चालतो, बहुतेकांत जेएके2 या जनुकातल्या बदलामुळे होतो. खरा धोका रक्ताच्या गुठळीचा, आणि रक्त दाट झालं की तो वाढतो.

पीसीव्ही खाली आणायला अंगातलं रक्त काढतात, त्याला उपाशी जाऊ नका. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या, निघताना आणखी दोन ग्लास. दाट रक्त सुईत अडतं, पिशवी भरता भरत नाही. एका वेळी साधारण 350 ते 450 मिली काढतात. नंतर पंधरा मिनिटं पडून राहा. चक्कर बहुधा उठल्यावर येते, म्हणून परतताना गाडी दुसऱ्याच्या हातात द्या.

सारखं रक्त काढून अंगातलं लोह संपतं. फेरिटिन (लोहाचा साठा) आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) घसरतं, थकवा येतो, आणि कुणीतरी प्रेमानं ‘रक्तवाढीची गोळी’ आणून देतं. मनाने ती घेऊ नका. लोह मिळालं की हाडातली मज्जा पुन्हा जोरात तांबड्या पेशी बनवते आणि पीसीव्ही चढतो. थकवा सोसवत नसेल तर रक्तविकारतज्ज्ञांना सांगा. तांबडा रस्सा सोडायचं कारण नाही, सोडायची ती टॉनिकची बाटली.

बंबातल्या कडक पाण्याने आंघोळ केली की थोड्याच वेळात अंगभर खाज सुटते. पुरळ दिसत नाही, मग लोक साबण बदलत बसतात. साबणाचा दोष नाही. पाणी कोमट घ्या, पंचाने घासू नका, नुसतं टिपा. तरी झोप उडत असेल तर सांगा, त्यावर औषधं आहेत.

डॉक्टरांनी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पावसाळ्यात ताप आला तर अ‍ॅस्पिरिन चालू असल्याचं आधी सांगा, कारण डेंग्यूत प्लेटलेट घसरतात. रक्तपेशी कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाची कॅप्सूल फोडू नका, घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावू नये. हे औषध चालू असताना घोट्याजवळची जखम भरत नसेल तर लगेच दाखवा.

चैत्रात जोतिबाला जाताना पाण्याची बाटली जवळच हवी. घामाने रक्त आणखी दाट होतं.

तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, छातीत दुखणं, धाप लागणं: यातलं काहीही दिसलं की 108 लावा. किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.