गर्भपात आणि फाशी: समोरच्याला 'दुटप्पी' म्हणण्याआधी या चुका टाळा

वादविवाद स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलं की हे ठरलेलं असतं. एकजण म्हणतो, "गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा? हा दुटप्पीपणा!" दुसरा लगेच उलटतो, "म्हणजे खुन्याला वाचवायचं आणि बाळाला मारायचं?" टाळ्या दोघांनाही पडतात. गुण मला कुणालाच द्यावेसे वाटत नाहीत.

तत्त्व न विचारताच विसंगती काढणे

दोन मतं वेगळ्या दिशेची दिसली म्हणजे ती विसंगत ठरत नाहीत. "निरपराध जीव घेऊ नये" असं मानणारा गर्भपाताला विरोध करून फाशीला होकार देऊ शकतो. "माणसाच्या शरीरावर सरकारचा शेवटचा शब्द नको" असं मानणारीला दोन्हीकडे उलटी उत्तरं मिळतील, आणि तीही सुसंगतच. दुटप्पीपणाचा आरोप लागू होतो तो "प्रत्येक जीव पवित्र" असं सरसकट म्हणणाऱ्याला.

कॅथलिक चर्चमधला वाद नेमका याच फटीत आहे. १९८३ मध्ये शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी गर्भपात, युद्ध आणि मृत्युदंड हे प्रश्न एकाच धाग्यात ओवले. येशूच्या बिनशिवणीच्या अंगरख्याची उपमा त्या मांडणीला कायमची चिकटली. जुनी शिकवण मात्र 'निरपराध' या शब्दावर उभी होती आणि मृत्युदंडाला तिने दार पूर्ण बंद केलं नव्हतं. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण-ग्रंथाचा मजकूर बदलून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला. २०२५ मध्ये पोप लिओ तर म्हणाले की, गर्भपाताला विरोध पण फाशीला पाठिंबा असणारा खऱ्या अर्थाने जीवनाच्या बाजूचा नाही. म्हणजे मधल्या काळात तत्त्वच बदललं. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: "तुमचं तत्त्व एका वाक्यात सांगा."

'भ्रूणहत्या' म्हणून वाद सुरू करणे

'हत्या' म्हटलं की निकाल आधीच लागला. आपल्याकडे ही चूक फार खोल गेली आहे, कारण मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपाताविरुद्धच्या मोहिमांनी हाच शब्द घरोघरी नेला. महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. त्यांचा रोख लिंगनिवडीवर आहे. सुरक्षित गर्भपात १९७१ पासून ठरावीक अटींवर कायदेशीर आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही गटांतल्या स्त्रियांसाठी गर्भपाताची मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली. तरी सगळाच गर्भपात बेकायदा समजणारे सुशिक्षित लोक मला दर वर्षी भेटतात. लिंगनिवडीला 'गर्भलिंगनिवड' म्हणा, गर्भपाताला गर्भपात. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

अमेरिकेतल्या बाजू इथे चिकटवणे

तिथे या दोन प्रश्नांवर पक्षांची विभागणी झाली आहे. इथे तसं नाही. १९७१ च्या कायद्यामागची समिती शांतिलाल शहांची, ते महाराष्ट्राचे मंत्री. १९४९ साली घटना समितीत मृत्युदंड रद्दच करावा असं म्हणणारे डॉ. आंबेडकर, आणि त्यांचा आधार होता या देशाची अहिंसेवरची श्रद्धा. ही माणसं कुठल्याच अमेरिकी खणात बसत नाहीत.

सुसंगत म्हणजे बरोबर असं समजणे

हुकूमशहा चाउशेस्कूच्या रोमानियात १९६६ पासून गर्भपातावर कडक बंदी होती आणि मृत्युदंडही होता. बंदीचं कारण जीवदया नव्हतं, लोकसंख्या वाढवायची होती. २५ डिसेंबर १९८९ ला चाउशेस्कू दांपत्याला गोळ्या घातल्या, दुसऱ्याच दिवशी गर्भपातबंदी उठली आणि जानेवारीत मृत्युदंडही गेला. आधीची दोन्ही धोरणं एकमेकांशी नीट जुळत होती: माणूस सरकारच्या मालकीचा.

स्वतःचं तत्त्व न तपासणे

ते तपासायला आपल्याच फौजदारी प्रक्रियेतलं एक कलम घ्या. फाशीची शिक्षा झालेली स्त्री गर्भवती असेल तर पूर्वी उच्च न्यायालय शिक्षा पुढे ढकलायचं, हवं तर जन्मठेपेत बदलायचं. नंतरच्या दुरुस्तीने जन्मठेप बंधनकारक झाली. केवळ गर्भाचा जीव वाचवायचा असता, तर बाळंतपणापर्यंत थांबणं पुरेसं होतं. मग हे कलम तुमच्या तत्त्वात बसतं का?