उत्तरेकडील पाणथळींतला पारा : मोजताना आणि अर्थ लावताना या चुका टाळा

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, माणसाची फारशी वस्ती नसलेल्या जंगलातल्या तळ्याचे पाणी तपासले, तर एका लिटरमागे पाऱ्याचे जेमतेम एक-दोन नॅनोग्रॅम सापडतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. असे पाणी प्यायला पाऱ्याच्या दृष्टीने निर्धोक असते, आणि तरीही त्याच तळ्यातला मोठा पाइक मासा वरचेवर खाऊ नका, असे तिथल्या लोकांना सांगावे लागते. या विषयातल्या बहुतेक चुका पाणी आणि मासा यांच्यामधल्या प्रवासाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘एकूण पारा’ एवढा एकच आकडा पाहून निष्कर्ष काढणे. हवेतून आणि पावसातून येणारा पारा मुख्यतः असेंद्रिय रूपात असतो आणि तो अन्नसाखळीत फारसा वर चढत नाही. जिवाणूंनी त्याला मिथाइल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा जोड) जोडला की त्याचा मिथाइलमर्क्युरी होतो, आणि तो मात्र प्लवकांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांतून, लहान माशांत व लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातो. शिकारी माशाच्या अंगातले त्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्यातल्या प्रमाणाच्या दहा लाख पटींच्याही पुढे जाऊ शकते. हे रूपांतर सजीवांकरवी होते, हे स्वीडनमधील संशोधकांनी 1969 मध्ये दाखवून दिले होते. त्यामागची hgcA आणि hgcB ही जनुके मात्र 2013 मध्ये हाती लागली. म्हणून दोन पाणथळींत एकूण पारा सारखाच असला, तरी एकीतले मासे खाण्यायोग्य आणि दुसरीतले धोक्याचे असे घडू शकते. एकूण पाऱ्यापैकी किती टक्के मिथाइल रूपात आहे, हे पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

हे रूपांतर कुठे जोमाने होते, याबाबतही गफलत होते. पीटच्या पाणथळीत, म्हणजे स्फॅग्नम शेवाळाचे अर्धवट कुजलेले थर पाण्याने गच्च भरलेले असतात अशा जागी, प्राणवायू नसतो, सेंद्रिय द्रव्य भरपूर असते आणि सल्फेट या गंधकाच्या संयुगावर जगणाऱ्या आणि हे रूपांतर घडवणाऱ्या जिवाणूंचे फावते. त्यामुळे ‘पारा कमी करायचा तर पारा रोखा’ एवढेच म्हणणे अपुरे आहे. गंधकाकडेही पाहावे लागते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मार्सेल येथील प्रायोगिक जंगलात पीटच्या एका पाणथळीवर आम्लपावसासारखे सल्फेट शिंपडले, तेव्हा पाऱ्याचा पुरवठा न वाढवताही मिथाइलमर्क्युरी वाढला. कोरड्या उन्हाळ्यात पीट सुकते, त्यातल्या गंधकाचे पुन्हा सल्फेट होते, आणि पाऊस परतला की ते जिवाणूंच्या तोंडी पडते. म्हणून दुष्काळानंतरच्या पहिल्या ओल्या हंगामातला उंच आकडा पाहून लगेच नव्या प्रदूषणाचा संशय घेऊ नये. सल्फेटही त्याच नमुन्यात मोजून घ्यावे. मात्र हे जिवाणू सल्फेटपासून जे सल्फाइड बनवतात, ते फार साठले की रूपांतर उलट मंदावते, त्यामुळे ‘जितके सल्फेट जास्त तितका मिथाइलमर्क्युरी जास्त’ असा सरळ हिशेब मांडणेही चूकच आहे.

पाणी वाढले की पारा पातळ होईल, ही समजूत तर वास्तवाच्या अगदी विरुद्ध आहे. ऑन्टारिओतील ‘एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया’ या संशोधनक्षेत्रात 1993 मध्ये एक पीट पाणथळ मुद्दाम बुडवली गेली, तेव्हा तिच्यातून बाहेर पडणारा मिथाइलमर्क्युरी जवळपास 40 पट झाला. पाण्याखाली गेलेले शेवाळ, पाला आणि मुळे कुजू लागतात, प्राणवायू संपतो, आणि जमिनीत आधीपासून असलेलाच पारा रूप बदलतो. क्वेबेकमधील ला ग्रांद नदीवरच्या जलाशयांत शिकारी माशांतला पारा जलाशय पाण्याने भरल्यानंतर अनेक वर्षे चढत राहिला आणि पूर्वपदावर यायला दोन ते तीन दशके लागतात, असे दिसले. या प्रदेशातल्या क्री या मूळनिवासी लोकांचे अन्न आणि जगणे माशांवर अवलंबून होते, म्हणून ही केवळ रसायनशास्त्राची गोष्ट राहत नाही. धरणाच्या आराखड्यात पहिल्या दोन वर्षांच्या नमुन्यांवर समाधान मानणे, हे माझ्या मते अक्षम्य आहे.

आता नमुना घेण्याकडे वळू, कारण इथे आकडाच बिघडतो आणि पुढचे सगळे विवेचन व्यर्थ जाते. एवढ्या सूक्ष्म प्रमाणात मोजताना दोन माणसे लागतात: एकाचे हात ‘स्वच्छ’, म्हणजे तो फक्त बाटली आणि तिचे झाकण हाताळतो; दुसऱ्याचे ‘मळके’, म्हणजे पिशव्या, दोरी, पंप आणि बाकी सारे त्याच्याकडे. दातांत पाऱ्याचे मिश्रधातूचे भराव असलेल्या माणसाने उघड्या बाटलीवर श्वास सोडू नये, इतकी ही काळजी बारीक असते. साधी पॉलिथिलीनची बाटली चालत नाही, कारण पाऱ्याची वाफ तिच्या भिंतीतून आरपार जाते. काचेची किंवा फ्लोरोपॉलिमरची (टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकची), आम्लाने धुतलेली बाटली घ्यावी. मिथाइलमर्क्युरीचा नमुना अंधारात आणि थंडीत ठेवावा, कारण सूर्यप्रकाशात तो विघटित होतो. तळ्यांच्या पृष्ठभागावर हे विघटन नैसर्गिकरीत्याही चालूच असते.

पीटवर चालत जाऊन नमुना घेणे ही दिसायला किरकोळ पण फार मोठी चूक आहे. पाय पडला की खालच्या छिद्रांतले पाणी पिळले जाते, वायूचे बुडबुडे सुटतात, आणि बाटलीत जे येते ते त्या थराचे खरे पाणी नसते. लाकडी फळ्यांची वाट आधीच घालून ठेवावी आणि नमुन्याच्या जागेपासून शक्य तितके दूर उभे राहावे. वर्षातून एकच फेरी मारणेही तितकेच फसवे आहे: बर्फ वितळण्याच्या वेळी वाहून येणारा एकूण पारा वाढतो, पण मिथाइलमर्क्युरीचे शिखर सहसा उन्हाळ्याच्या उबदार दिवसांत असते.

प्रयोगशाळेचा अहवाल आला की मिथाइलमर्क्युरी एकूण पाऱ्यापेक्षा जास्त तर नाही ना, हे आधी पाहावे. असे होणे शक्य नाही. तसे दिसल्यास एक नमुना गाळलेला आणि दुसरा न गाळलेला असेल, एकके बदलली असतील किंवा कोरा नमुनाच, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले पारा नसलेले पाणीच, दूषित असेल. गाळात असेंद्रिय पारा फार असल्यास मोजण्याआधी प्रयोगशाळेत नमुन्यातून मिथाइलमर्क्युरी वेगळा काढण्यासाठी जे ऊर्ध्वपातन करतात, त्या वेळी त्याचा अगदी थोडा अंश तिथेच मिथाइल रूप घेतो, आणि तो खोटा आकडा खऱ्यासारखा दिसतो. माशांच्या आकड्यांत ओल्या वजनाचा आणि कोरड्या वजनाचा गोंधळ झाला तर सुमारे पाच पटींचा फरक पडतो, कारण मांसात साधारण 80 टक्के पाणी असते. माशाची लांबी लिहून न ठेवता दोन तळ्यांची तुलना करणे तर निरर्थकच आहे. शिवाय चरबी काढून किंवा शिजवून पारा जात नाही: मिथाइलमर्क्युरी स्नायूंतल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेला असतो.

सुधारणा किती लवकर होईल, याचा एकच अंदाज सगळीकडे लावू नये. त्याच ऑन्टारिओतील संशोधनक्षेत्रात ‘658’ क्रमांकाच्या तळ्यात, त्याच्या पाणथळीत आणि भोवतालच्या जंगलात 2001 ते 2007 अशी सात वर्षे पाऱ्याची तीन वेगवेगळी समस्थानिके (एकाच मूलद्रव्याची अणुभाराने वेगळी रूपे) सोडली गेली, जेणेकरून कुठला पारा माशात पोचतो ते ओळखता यावे. सुरुवातीच्या वर्षांत माशांत झालेली वाढ जवळजवळ सगळी थेट तळ्यावर पडलेल्या पाऱ्याची होती; जमिनीवरचा पारा मातीतच अडकून राहिला. पुरवठा थांबल्यावर आठ वर्षांत तळ्यातल्या लहान जिवांमधला तो पारा 91 टक्क्यांपर्यंत आणि मोठ्या माशांच्या समूहांतला 38 ते 76 टक्क्यांनी उतरला. पण ऑन्टारिओतल्याच वाबिगून नदीच्या खोऱ्यात चित्र वेगळे आहे. तिथे ड्रायडन येथील कारखान्यातून 1962 ते 1970 या काळात सुमारे 9 टन पारा नदीत गेला, 1970 मध्ये व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली, आणि नदीचा गाळ अजून त्या पाऱ्याने भरलेला असल्यामुळे ग्रासी नॅरोज या मूळनिवासी वस्तीतल्या लोकांच्या ताटातला प्रश्न अर्ध्या शतकानंतरही सुटलेला नाही. तळे क्रमांक ‘658’ मधली घट इथे अपेक्षित धरता येत नाही. ‘658’ मध्येही मोठे, म्हातारे मासे स्वतःच्या अंगातला पारा फारसा सोडत नाहीत. समूहाची सरासरी उतरते ती कमी पाऱ्यात वाढलेले नवे मासे आल्यामुळे. म्हणून सुधारणेची खूण शोधायची असेल तर एका वर्षाच्या पिल्लांचे नमुने घ्यावेत.