नवा टिलर मळ्यात उतरवण्याआधी

नवा पॉवर टिलर घरी आला की बहुतेक जण पहिली चूक एकच करतात, मृगाची वाट बघतात. मे महिन्यात मशीन येतं, हार घालतात, नारळ फोडतात आणि खळ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. मग जूनमध्ये पहिला चिखल झाला की थेट मळ्यात. वरून पाऊस, खाली निसरडी घाटी म्हणजे उताराची वाट, लावणीला आलेली माणसं मेरेवर, म्हणजे बांधावर, बसून तुमच्याकडे बघतायत आणि हातात चारशे किलोच्या आसपासचं लोखंड, ज्याची तुमची अजून धड ओळखही नाही. टिलर शिकायचा तो कोरड्यात. चौदा पावसाळे चालवून सांगतोय. पहिल्याच पावसाळ्यात गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पाडला होता, तेही इथेच कबूल करतो.

हे सगळं बारा-तेरा अश्वशक्तीच्या डिझेल टिलरबद्दल आहे. एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारं इंजिन, दोन चाकं, मागे माती फिरवणारी पात्यांची रोटरी आणि दोन्ही मुठींखाली वळवायच्या क्लचच्या पट्ट्या. बागेत फिरवायचे पेट्रोलवरचे हलके वीडर ही वेगळी जात, ते इथे नाहीत.

इंजिनाचं, गिअरपेटीचं आणि एअर फिल्टरच्या वाटीतलं तेल बघून घ्या. तीनही ठिकाणी तेल असतं आणि तिसरं लोक विसरतात. पहिलं ऑइल सोबतच्या पुस्तकात जितके तास लिहिलेत तितक्या तासांनी बदला. "अजून काळं कुठे झालंय" म्हणून थांबू नका, नव्या इंजिनाचा कीस त्याच तेलात असतो. पात्यांचे नटबोल्ट पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा आवळा, हमखास सैल झालेले सापडतात. डिझेल पार संपेपर्यंत चालवू नका, नाहीतर लाइनीत हवा शिरते आणि भर पावसात पाना घेऊन ती काढत बसावं लागतं. हाताने स्टार्ट करायचा असेल तर फिरवायचा दांडा धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटा झटका देतं, आणि दांड्याला वेढा घातलेला अंगठा त्यात मोडतो.

खळ्यात पहिल्या दिवशी फक्त दोनच गोष्टी करा. एक, मोठा क्लच ओढून थांबायचं. तो अर्धा ओढला की क्लच सुटतो, पुढे आणखी ओढला की ब्रेक लागतो. हे न बघता हाताला जमेपर्यंत पुढे जाऊ नका. दुसरी, रिव्हर्स. रिव्हर्समध्ये क्लच झटक्यात सोडला तर हँडल वर उसळतं आणि मशीन तुमच्या अंगावर येतं. पाठीमागे भिंत, माड किंवा विहिरीचा कठडा असेल तर सरकायला जागाच राहत नाही. म्हणून रिव्हर्स नेहमी कमी रेसवर, क्लच हळू सोडत, हँडल खाली दाबून आणि मागे वळून बघूनच. रोटरी चालू ठेवून मागे घेणाऱ्याला टिलर देऊच नये, मग तो सख्खा भाऊ का असेना.

आता उतार.

मोबाइलवर टिलरचे जे व्हिडिओ येतात त्यातले बहुतेक सपाट जमिनीवरचे. देशावरची काळी रानं, इकडून तिकडे एक सरळ पट्टा. दुकानातून येणारा मुलगाही शाळेच्या मैदानावर दोन चकरा मारून दाखवतो आणि सही घेऊन जातो. आपलं कोकणातलं तसं नाही. घर वर, मळा खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला, आणि मध्ये घाटी. टिलरची खरी परीक्षा चिखलात होत नाही, चिखलापर्यंत पोचताना होते.

सपाटीवर डावी पट्टी दाबली की डाव्या चाकाचा गिअरपेटीशी संबंध तुटतो. उजवं चाक ढकलत राहतं आणि टिलर डावीकडे वळतो. हे दोन मिनिटांत कळतं. उताराला मात्र इंजिन मशीनला ढकलत नसतं, उलट धरून ठेवत असतं. वजन स्वतःच खाली ओढत असतं आणि इंजिन दोन्ही चाकांना मागे खेचून आवरत असतं. अशा वेळी डावी पट्टी दाबली तर डावं चाक मोकळं सुटून पुढे पळतं, उजवं आवरलेलंच राहतं, आणि टिलर वळतो उजवीकडे. दाबलं डावं, गेला उजवा. हे बिघाड झाल्यामुळे होत नाही, पट्ट्यांनी वळणाऱ्या टिलरांची रचनाच अशी आहे.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात असेल, पण मी ते कपाटात ठेवलं होतं. आमच्या घाटीला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, मधोमध आंब्याचं एक मूळ वर आलेलं आणि त्यापुढे डावीकडे वळण. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, लाल माती साबणासारखी. वळणाशी आलो, डावी पट्टी दाबली, आणि टिलरचं तोंड उजव्या गडग्याकडे फिरलं. मला वाटलं, कमी दाबली. आणखी जोरात दाबली, तो आणखी उजवीकडे. त्या दोन-तीन सेकंदांत माणूस विचार करत नाही, फक्त मूठ आवळतो. तीन चिरे खाली आले, पुढचा दिवा फुटला आणि हँडलची दांडी माझ्या बरगडीत बसली. पंधरा दिवस हसताना दुखत होतं. शेजारचे काका वरून बघत होते. खाली येऊन पहिल्यांदा टिलर बघितला, मग मला, आणि म्हणाले, "अरे, तो काय रेडो आसा, 'हो हो' केलंस तर थांबाक?"

नंतर ज्याला त्याला विचारलं तेव्हा एकच सल्ला मिळाला: उताराला उलटी पट्टी दाबायची. डावीकडे जायचंय तर उजवी दाब. ऐकायला सोपं आहे आणि सांगणारे बरेच जण तसं करतातही. तरी नवख्याला मी हा सल्ला देणार नाही, आणि देणाऱ्याचं ऐकूही नका. उतार कुठे संपला हे पायाला कळतं, पट्टीला कळत नाही. घाटी उतरता उतरता मध्येच हातभर सपाटी येते, तिथे पट्टी पुन्हा सुलट चालायला लागते. तुम्ही डोक्यात "उलटं, उलटं" घोकत उतरताय, सपाटी आली, उजवी दाबली आणि गेलात थेट उजवीकडे. शिवाय सगळं रेसवर अवलंबून. सौम्य उताराला रेस वाढवली की इंजिन पुन्हा ढकलायला लागतं आणि पट्टी सुलट होते. रेस कमी केली की तीच पट्टी उलट. म्हणजे एकाच जागी, एकाच वळणावर, अंगठ्याने रेस किती ठेवलीय त्यावर उत्तर बदलतं. हे गणित घसरत्या चिखलात सोडवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

म्हणून माझा नियम असा: उताराला पट्ट्यांवरून बोटं काढायची. अगदी सुटी. मूठ धरायची, पट्टी नाही. खूपच सौम्य वळण असेल तर कमरेने हँडल हळूहळू बाजूला रेटत न्यायचं. पहिल्या गिअरात, कमी रेसवर तेवढं जमतं. त्याहून मोठं वळण उतारावर घ्यायचंच नाही. मग आमच्या त्या वळणाचं काय केलं? कुदळ घेतली आणि दोन दिवस खणून वळणाची जागा सपाट केली, टिलरच्या लांबीपेक्षा वावभर जास्त. आता सरळ उतरतो, सपाटीवर थांबतो, तिथे पट्टी दाबून वळतो आणि पुन्हा सरळ उतरतो. आंब्याचं मूळ मात्र तसंच ठेवलंय, त्याच्या अलीकडे क्लच ओढायचा ही खूण म्हणून.

तरीही पट्टी उलट चालताना एकदा स्वतःच्या हातांनी बघून घ्यायलाच हवी, नाहीतर विश्वास बसत नाही आणि घाईच्या दिवशी बोटं आपोआप आवळली जातात. त्यासाठी मे महिन्यात, कोरड्यात, दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेला सौम्य उतार शोधा. आमच्याकडे वरकस जमिनीचा एक तुकडा आहे, नाचणी लावायचो तो. रोटरी बंद, पहिला गिअर, रेस खाली. सरळ उतरायला लागा आणि मध्यावर डावी पट्टी पळभर दाबून सोडा. टिलर उजवीकडे झुकलेला दिसेल. पुन्हा वर जा, तेच उजवीकडून करा. मग तेच थोडी रेस वाढवून, आणि कुठल्या क्षणी पट्टी सुलट होते ते बघा. शेवटी उतार जिथे सपाटीला मिळतो तिथे करून बघा. आठ-दहा फेऱ्या पुरेत. पोरं, कुत्री, सल्लागार सगळ्यांना लांब ठेवा. सल्लागार खास करून, कारण ते उताराच्या खालच्या बाजूलाच येऊन उभे राहतात.

गिअर उताराच्या माथ्यावरच निवडायचा. मध्ये बदलायला गेलात तर न्यूट्रलमधून जाताना क्षणभर इंजिनाने धरलेलं सुटतं, आणि तो क्षण पुरतो. इंजिन बंद करून "गडगडत" नेणं हा तर डिझेल वाचवण्याचा सगळ्यात महाग प्रकार. काही जण मागून दोर बांधून दोन माणसांना धरायला लावतात. चारशे किलो निसटलं तर ते दोघं दोर सोडत नाहीत, दोरासकट खाली येतात. ट्रॉली जोडली असेल तर मागचं ओझं आणखी ढकलतं, पट्टी आणखी जोरात उलटते. ट्रॉलीचा पायाचा ब्रेक चालतो की नाही ते चिरे भरण्याआधी बघा, भरल्यावर नाही.

चढाला हा त्रास नाही, तिथे पट्टी सुलटच चालते. फक्त तोंड उचललं जातं, म्हणून हँडलवर लोंबकळू नका.

मळ्यात पोचलात की निम्मी लढाई संपली. चिखलातली लोखंडी चाकं खालीच चढवा. ती घालून पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, आणलीत तर पाखाडीही जाते आणि चाकंही. कुणग्यात (भाताच्या तुकड्यात) पाणी चार बोटं असावं. जास्त असलं तर कुठे फिरवलंय ते दिसत नाही, कमी असलं तर माती पात्यांना गुंडाळते. एक पट्टा सोडून एक पट्टा घ्या, म्हणजे टोकाला आखूड वळावं लागत नाही, आणि वळताना हँडल उचलून पाती वर घ्या. कोपरे टिलरला द्यायचेच नाहीत, ते कुदळीने होतात. कातळ जिथे वर आलाय तिथे आधीच काठी रोवून ठेवा. मळा तुमचा असला तरी पाण्याखाली तो आठवत नाही, आणि पातं वाकल्याचा आवाज सगळ्या वाडीला ऐकू जातो.

मेर ओलांडायची ती काटकोनात, रोटरी बंद करून, पहिल्या गिअरात. तिरकं गेलात तर एक चाक वर, एक खाली आणि टिलर आडवा.

रुतला तर रेस देऊ नका. हे वाक्य मोठ्याने म्हणून घ्या, कारण त्या वेळी सगळी मेर "रेस दे, रेस दे" ओरडत असते. रेस दिली की चाकं स्वतःसाठी खड्डा खणतात. रोटरी बंद करा, क्लच ओढा, चाकांपुढची माती हाताने काढा, फळ्या सरकवा आणि हळू बाहेर या. फळ्या घरी ठेवून उपयोग नाही, त्या मळ्याच्या कडेलाच ठेवायच्या.

पायाला जखम असेल तर त्या दिवशी हँडल दुसऱ्याच्या हाती द्या. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचा ताप असतो आणि तो अशाच साचलेल्या पाण्यातून शिरतो.

लावणी आटोपली की धुवा. खाडीच्या कडेचं खाजण केलं असेल तर त्याच संध्याकाळी, गोड्या पाण्याने, नाहीतर गणपतीपर्यंत नट गंजून बसतात. पात्यांना जुनं ऑइल फासा, इंजिनाचे पट्टे (बेल्ट) सैल करा, टायर जमिनीवरून उचलून ओंडक्यांवर टेकवा. आणि एअर फिल्टरचं तोंड फडक्याने बांधा. एका मे महिन्यात मी त्यातून ओंजळभर भाताचं तूस काढलंय, उंदराने वर्षभर साठवलेलं. तेव्हापासून एक फडकं तिथे बांधतो आणि त्याच कापडाची दुसरी चिंधी फिरवायच्या दांड्याला, म्हणजे स्टार्ट करायला हात घातला की आधी पहिलं सोडायची आठवण होते.